उघडल्यावर लागेल ते

घरदुरुस्तीचं अंदाजपत्रक टाइप करायला घेतलं की शेवटची ओळ मला बघावी लागत नसे. भिंत, कौलं, वासे, फरशी, गवंड्याची मजुरी, सुताराची मजुरी असं एकेक खाली उतरत आलं की अगदी तळाशी, बेरजेच्या वर, "उघडल्यावर लागेल ते" अशी ओळ यायची आणि तिच्यापुढे वरच्या सगळ्या खर्चाचा सहावा हिस्सा. बोटांना ती इतकी पाठ झाली होती की एकदा मामेबहिणीला पत्र लिहिताना खुशाली विचारून झाल्यावर माझ्या हातून तीच उमटली. ही ओळ बिवलकर ओव्हरसियरांची. नौपाड्यात लोकांनी त्यांचं नावच 'उघडल्यावर' पाडलं होतं. सकाळी छत्री टेकत ते रस्त्याला लागले की कोपऱ्यावरचा पानवाला विचारायचा, आज कुणाचं छप्पर उघडणार? ते थांबून, जणू चौकशी खरीच आहे अशा आवाजात, त्याला पत्ता सांगायचे.

आमची पेढी म्हणजे नौपाड्यात एका वैद्यांच्या दवाखान्यावरच्या दोन खोल्या. खालून दिवसभर काढ्याचा वास वर यायचा. पेढीचं काम साधं होतं. कुणाचं घर सावकाराकडे गहाण असलं की पेढी सावकाराचे पैसे परस्पर फेडायची, घर स्वतःकडे गहाण घ्यायची आणि वर दुरुस्तीपुरती रक्कम द्यायची. व्याज सावकाराच्या निम्म्याहूनही कमी. पण कर्ज द्यायचं ते घराच्या किमतीच्या निम्म्यापर्यंतच, एक रुपयाही वर नाही. ती किंमत आणि तो दुरुस्तीचा आकडा ठरवणारे बिवलकर. लोकल बोर्डातून पेन्शन घेऊन आलेले. मी डोंबिवलीहून येणारी टायपिस्ट, पेढीतली एकुलती एक बाई. बाकीचे माझ्याशी जपून बोलायचे, बिवलकर मात्र पहिल्या दिवसापासून माझ्याशी फक्त वाशांबद्दल बोलले. त्यामुळे मला ते आवडले.

उंच माणूस, पण खांद्यापाशी वाकलेला. माळ्यांवर वाकून चालायची सवय जमिनीवर आल्यावरही सुटली नव्हती. अंगात खाकी कोट, त्याच्या खिशांत ओळंबा, सुतळी आणि एक दाभण. छत्रीला खाली लोखंडी टोक बसवलेलं. ही छत्री पावसासाठी नव्हती, तिला इतकी भोकं होती की पाऊस आत जास्त लागला असता. ती होती ठोकायला. घरात शिरले की ते भिंतीला एकेका हातावर छत्रीचं टोक मारत जायचे आणि कान लावून ऐकायचे. मग मधल्या खोलीत पाट मागून घ्यायचे आणि पंधरा मिनिटं नुसते बसायचे. घरच्यांना वाटायचं, थकले असतील. ते म्हणायचे, घर आपणहून बोलतं, आपण आधी बोलायचं थांबलं पाहिजे. त्यानंतर प्रश्न: सरपण कुठे रचता? नहाणीचं पाणी कुठून जातं? आणि देव्हाऱ्यामागची भिंत ते सगळ्यांत आधी बघायचे, कारण ती वर्षानुवर्षं कुणीच बघत नाही. देव हलवायला सासवा तयार नसायच्या. तेव्हा हे स्वतः हात-पाय धुऊन येत, टोपी नीट करत, आणि देव पाटावर उतरवून ठेवत.

एक नेम त्यांनी कधी मोडला नाही. वर चढून खाली उतरेपर्यंत त्या घरचा चहा घ्यायचा नाही. चहा आधी घेतला तर आकडा लिहिताना हात हलका पडतो, असं त्यांचं म्हणणं. काम झाल्यावर घोटभर घेत, तोही घरच्यांनी फार आग्रह केला तर. आणि ज्या घराच्या कागदावर आपली सही, त्या घराशी पैशाचा व्यवहार नाही, देण्याचाही नाही नि घेण्याचाही नाही. हे सगळं ते मला मोठ्या अभिमानाने सांगायचे. मी तेव्हा नवी होते, मलाही ते फार थोर वाटायचं.

एकदा मी विचारलं, सहावा हिस्साच का? म्हणाले, "पाचवा लिहिला तर लोक पळून जातात, सातवा लिहिला तर पुरत नाही." आणि हसले. मी म्हटलं, पण न दिसणाऱ्या गोष्टीचे पैसे लोकांनी का द्यावेत? तेव्हा हसणं थांबवून म्हणाले, दिसतं त्याचा खर्च गवंडीही सांगतो. मला बोलावतात ते न दिसणाऱ्यासाठी. भिंत पाडल्याशिवाय आत काय आहे ते मला कळत नाही, आणि कळत नाही हे कागदावर लिहायची मला लाज वाटत नाही.

या ओळीवरून आमच्याकडे रोज वाद व्हायचे. कर्ज काढणाऱ्याला ती म्हणजे आपल्या घरावर घेतलेला संशय वाटायचा. नौपाड्यातल्या एका वकिलांनी तर ती लाल शाईने खोडून कागद परत पाठवला होता. घर आजोबांनी बांधलेलं, चुना दळून, गूळ घालून, त्यात उघडल्यावर काय निघणार? पेढीने तेव्हा त्यांचं ऐकलं. मोरीची फरशी काढली आणि खालून भिंतीचा पायाच भुसभुशीत निघाला. पाणी कित्येक वर्षं आतल्या आत मुरत होतं. पैसे फरशीपुरतेच होते. सिमेंटला परमिट लागायचं त्या दिवसांत नवं परमिट मिळेपर्यंत तीन महिने वकिलीणबाई शेजारच्यांच्या मोरीत आंघोळीला जायच्या, आणि निम्म्या घराला भिंतीच्या जागी ताडपत्री. ती ताडपत्री बिवलकरांनी नेऊन दिली होती. भाड्याने आणलेली, भाडं पेढीच्या खर्चात. वकिलांना ते एका शब्दाने टोचून बोलले नाहीत. पण पुढच्या सभेत त्यांनी ठराव मांडला, की ओव्हरसियरच्या अंदाजपत्रकातली कुठलीही ओळ कमिटीने खोडायची नाही. सगळी रक्कम बसत असेल तर कर्ज द्यायचं, नाहीतर द्यायचंच नाही. अर्धं उघडलेलं घर ना राहायच्या कामाचं ना तारणाच्या. ठराव झाला. त्याची प्रत मीच टाइप केली.

याच्या उलटही व्हायचं. डोंबिवलीतल्या एका मास्तरांच्या घराचं छप्पर उघडलं आणि काहीही निघालं नाही. त्या ओळीचे पैसे जसेच्या तसे पेढीत परत आले. त्या दिवशी बिवलकर पेढीत पावशेर पेढे घेऊन आले. आमचे अध्यक्ष तात्यासाहेब चेष्टेने म्हणाले, अहो, तुमचा अंदाज चुकला, पेढे कसले वाटता? बिवलकर म्हणाले, "उघडलं आणि आत सगळं ठणठणीत निघालं, याच्यासारखं सुख नाही, तात्यासाहेब." मला वाटतं, ते पेढे वाटताना मी त्यांना जितकं आनंदात पाहिलं तितकं पुन्हा कधी पाहिलं नाही.

कोपरीचा अर्ज आला तो होळीच्या सुमाराला. रेल्वेच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला कोपरी गाव. तिथे जानकीबाय आणि तिचा मुलगा पांडुरंग असे दोघं राहायचे. पांडूचे आजे-पणजे मिठागरावरचे, तोही तिथेच राबायचा. वडील गेले तेव्हाच्या आजारपणात घर सावकाराकडे पडलं होतं. मागच्या पावसात पश्चिमेची भिंत बसली. भिंत पडलेलं घर म्हणून सावकार मुदत वाढवायला तयार नव्हता. अक्षय तृतीयेपर्यंत चौदाशे रुपये आणा, नाहीतर घर माझं, असं त्याने स्पष्ट सांगितलेलं. कागदही तसाच लिहून घेतलेला. पेढीशिवाय त्या दोघांना दुसरा रस्ता नव्हता.

घर बघायला जायच्या दिवशी बिवलकरांचा उजवा हात मुरगळलेला होता, लिहिता येत नव्हतं. म्हणून टिपणं घ्यायला मी बरोबर गेले. मी त्यांचं काम प्रत्यक्ष पाहिलं ते तेवढंच. खांबांवर बसवलेलं घर, मातीच्या जाड भिंती, वर नळीची कौलं. छत्री ठोकून झाली, पाटावर बसून झालं, देव उतरवून झाले. माळ्यावर जाऊन आले. चुलीच्या धुराने तुळया काळ्याकुट्ट झालेल्या, त्यांची टोकं दोन्ही बाजूंनी भिंतीत गाडलेली. बिवलकर मला सांगू लागले, वाळवी मातीतून येते, आणि शिरते ती या गाडलेल्या टोकातूनच. बाहेरून तुळई पैलवानासारखी दिसते आणि टोकाला नुसता भुसा असतो. भिंत फोडल्याशिवाय काही सांगता येत नाही.

जानकीबाय खाली उभी राहून ऐकत होती. साठीच्या पुढची, काटक बाई, हातांची कातडी मिठाने पांढुरकी झालेली. ती म्हणाली, "सायेब, त्या लाकराला वालवी लागाची नाय. माझे सासऱ्यानी मिठागरान मुरवलेलं हाय. दोन वरसा चिखलान पुरून ठेवलेलं, मंग घर बांधला."

बिवलकरांनी मान हलवली. अशी मान ते सगळ्यांसमोर हलवायचे. प्रत्येक घरात कुणीतरी सांगायचंच, आमचं लाकूड खास आहे म्हणून. कुणाचं मलबारचं असायचं, कुणाचं देवळातलं उरलेलं. मी वहीत लिहून घेत होते. विचारलं, हे लिहू का? ते म्हणाले, "आपण बघितलेलंच लिहायचं, बाई." मी पेन्सिल खाली ठेवली. ते वाक्य मी लिहून खोडलं असंही नाही, ते लिहिलंच नाही. जानकीबायने चहा ठेवला होता. पण उशीर झाला होता, आणि बिवलकरांना दुपारच्या आत दुसरं एक घर बघायचं होतं. ते म्हणाले, पुढच्या वेळी. आम्ही निघालो तेव्हा चुलीवर आधण उकळत होतं.

हिशेब असा झाला. घराची किंमत सहा हजार, म्हणजे कर्ज तीन हजारांपर्यंत. सावकाराचे चौदाशे. भिंत, कौलं आणि थोडे वासे मिळून पंधराशे. इथवर एकोणतीसशे, म्हणजे बसत होतं. त्याच्याखाली मी सवयीने ती ओळ टाइप केली आणि तिच्यापुढे अडीचशे. बेरीज तीन हजारांच्या वर दीडशेने गेली.

तात्यासाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी बिवलकरांना आपल्या खोलीत बोलावलं. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं. ठराव तुमचाच आहे, ओळ आम्हांला खोडता येत नाही, म्हणाले, पण तुम्हांला स्वतःला गाळता येते. या एका घरापुरती गाळा. बिवलकर म्हणाले, "मी आत न बघितलेलं लाकूड चांगलं आहे, असं सहीनिशी कसं लिहू? उद्या भिंत फोडल्यावर भुसा निघाला, तर पावसाच्या तोंडावर ती बाई कुठे जाईल?"

हे त्यांनी खरोखर तिच्या काळजीने म्हटलं होतं. मी त्यांचा चेहरा पाहिला होता, म्हणून सांगते. तरी मला आज त्या वाक्याचा राग येतो.

मग पांडूला सांगण्यात आलं, वरचे दीडशे रोख आणून भर, तुझं काम होईल. त्याने ऐंशी जमवले. कसे जमवले ते त्याने सांगितलं नाही, पण जानकीबायच्या कानांतल्या बुगड्या गेलेल्या मला दिसल्या. सत्तर कमी पडले. ते सत्तर बिवलकरांना देता आले असते. मलाही, दोन महिने ओढून-ताणून, देता आले असते. त्यांना त्यांचा नेम आडवा आला, आणि मला काय आडवं आलं ते मला अजून सांगता येत नाही. मी नोकरीत नवी होते, एवढंच म्हणते. अक्षय तृतीया झाली. चौथ्या दिवशी सावकाराने कुलूप आणलं. माय-लेक ठाकुर्लीला एका बैठ्या चाळीत खोली घेऊन राहायला गेले. पांडू कुठल्याशा कोळशाच्या वखारीत लागला.

घर सावकाराने गवताच्या एका व्यापाऱ्याला विकलं. व्यापाऱ्याला तिथे गोदाम करायचं होतं, म्हणून त्याने दिवाळीनंतर छप्पर उतरवायला घेतलं. बिवलकरांना कुठून कळलं कोण जाणे. दुपारी ते माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, चला, कोपरीला जाऊन येऊ. मी तात्यासाहेबांना विचारून निघाले. रस्ताभर त्यांनी छत्री टेकली नाही, काखेत धरली होती.

कौलं उतरवून झाली होती. भिंत फोडून सुतार तुळईचं गाडलेलं टोक मोकळं करत होते. त्यातल्या एकाने टोकावर कुऱ्हाडीची मागची बोथट बाजू मारली, तर खणखणीत आवाज आला. त्याने पुन्हा मारली. मग तो दुसऱ्याला म्हणाला, कुऱ्हाड उडते रे, हे काय लाकूड आहे. व्यापारी खूष होऊन बघत होता. सगळ्या तुळया, सगळे खांब तसेच निघाले. कुठे बोटभर भुसा नाही. पंधराशेत ते घर उभं राहिलं असतं आणि ती अडीचशेची ओळ जशीच्या तशी परत आली असती.

बिवलकर टोकापाशी जाऊन उकिडवे बसले. हात फिरवला. दाभण काढून टोचली, ती आत जाईना. मग त्यांनी सुताराकडून एक ढलपी मागून घेतली, नखाएवढी. ती पालथी-उलटी करून पाहिली, नाकाशी नेली आणि जिभेवर ठेवली. मी समोर उभी होते. त्यांचे डोळे मिटले.

"खारट आहे," ते म्हणाले.

त्यांनी ढलपी माझ्या हातावर ठेवली. मीही चाखली. पन्नास वर्षांपूर्वीचं मीठ होतं ते, त्या लाकडाच्या आत बसलेलं. परत येताना फाटकापाशी आम्ही गाडी जाईपर्यंत थांबलो, तेव्हा ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, एवढंच काम होतं. भिंत फोडायची गरज नव्हती. त्या दिवशी दाभणीने एक कपचा काढून जिभेवर ठेवला असता तर कळलं असतं. तिने सांगितलं होतं. मला त्यांची दया येत होती आणि त्याच वेळी त्यांची छत्री हिसकावून रुळांवर फेकावी असंही वाटत होतं.

दुसऱ्या रविवारी ते ठाकुर्लीला गेले. मी डोंबिवलीहून निघून त्यांना स्टेशनवर भेटले, कारण खोली मला माहीत होती, माझी मावशी त्याच चाळीच्या मागे राहायची. पांडू दारातच होता. आम्हांला पाहून त्याने पायांत वहाणा सरकवल्या आणि आमच्या अंगावरून निघून गेला. जानकीबायने चटई टाकली. बिवलकरांनी उभ्याउभ्याच सांगितलं, आई, तुमचं लाकूड चांगलं निघालं. सगळं. माझी चूक झाली.

मला वाटलं, आता ती शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या. ती मात्र पुढे सरकून बसली आणि विचारू लागली, मधली तुळई पण? खांब पण? दाराकडचा खांब तिरका होता, तो? बिवलकर एकेकाचं उत्तर देत गेले. तिचा चेहरा हळूहळू उजळत गेला. "मंग बरा झाला," ती म्हणाली. "सासऱ्याचा हात व्हता त्याला. मी नवी नवरी व्हते, मीच चिखल तुडवलेला." आणि ती चहा ठेवायला उठली. घर गेलेलं असताना ती त्या लाकडाच्या कौतुकात होती, हे मला सहन होईना. बिवलकर भिंतीला टेकून बसले आणि त्यांनी तो चहा शेवटच्या थेंबापर्यंत घेतला.

त्यानंतर पेढीत ते आले तेव्हा अंदाजपत्रकाचा नमुना मला बदलायला सांगितला. शेवटची ओळ त्यांनी काढली नाही. मला वाटलं होतं, काढतील. ती तशीच राहिली, सहाव्या हिश्शाची. पण सगळ्यांत वर, भिंतींच्याही आधी, एक नवी ओळ आली: "घरच्यांचं सांगणं". तिच्यापुढे आकडा नाही, नुसती जागा. घरातली म्हातारी माणसं जे सांगतील ते तिथे त्यांच्याच शब्दांत लिहायचं आणि खाली, पडताळून पाहिलं की नाही, ते लिहायचं. कमिटीतले लोक हसले. एकाने विचारलं, म्हातारीच्या गोष्टी आता तारण म्हणून धरायच्या का? मी त्या ओळींत काय काय टाइप केलं, सांगितलं तर खोटं वाटेल. विहिरीत बुडवून ठेवलेले वासे, जळालेल्या घरातून वाचवलेला दरवाजा, मुलाच्या जन्माच्या वर्षी मागे सरकवलेली चूल. त्यातलं बरंचसं खरं निघायचं. काही अगदी खोटंही निघायचं. बिवलकर दोन्ही तितक्याच गंभीरपणे लिहून आणायचे. कोटाच्या खिशात दाभणीबरोबर आता एक छोटा चाकू असायचा, आणि माळ्यावरून उतरताना त्यांचं तोंड हलत असायचं. पानवाल्याने त्यांचं नवं नाव ठेवलं, ते इथे लिहावंसं मला वाटत नाही.

आता पेढे वाटायचे प्रसंग आले तरी ते वाटत नसत. त्या ओळीचे पैसे परत आले की पावतीवर सही करून घरी जात.

दर वर्षी पावसाच्या आधी एका रविवारी ते ठाकुर्लीला जायचे, हे मला मावशीकडून कळायचं. त्या खोलीचं छप्पर बघायला. मालक भाड्याच्या खोलीकडे लक्ष देत नव्हता. फुटलेल्या कौलांच्या जागी घालायला नवी कौलं बिवलकर स्वतः पिशवीतून घेऊन जायचे, चार-सहा, ठाण्याहून. पैशाचा व्यवहार नाही हा नेम त्यांनी मोडला की कौल म्हणजे पैसा नव्हे अशी स्वतःची समजूत घातली, मी विचारलं नाही. जानकीबाय स्टूल धरायची, ते वर चढायचे. पांडू तेव्हा घरी थांबत नसे. मग एका थंडीत जानकीबाय गेली. मी पेढीत बिवलकरांना सांगितलं. ते म्हणाले, मला कळलंय. आणि कोटाची बटणं लावून उगाच पुन्हा सोडवली.

माझं लग्न ठरलं, नोकरी सुटली. पेढीतून निघताना बिवलकरांनी मला एक नवा ओळंबा दिला. बाईमाणसाला ओळंबा! नवऱ्याने विचारलं, याचं काय करायचं? अजून तो माझ्याकडे आहे.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतर दोन वर्षांनी, ठाकुर्लीलाच. मावशी आजारी होती, म्हणून मी गेले होते. पावसाळा तोंडावर आलेला. मावशीच्या मागच्या दाराने चाळीच्या बोळात शिरले तर पांडूच्या खोलीचं दार उघडं होतं आणि आत बिवलकर स्टुलावर उभे होते. फार थकले होते. खाकी कोट खांद्यांवरून लोंबत होता, केसांत जळमटं. एका हाताने त्यांनी वासा पकडला होता, दुसऱ्या हातात चाकू. आणि स्टूल पांडूने धरलं होतं. दोन्ही हातांनी, घट्ट. पण तोंड त्याने दाराकडे फिरवलेलं, म्हणजे त्यांच्याकडे बघावं लागू नये.

मी तिथेच थांबले. आत जावं असं वाटलं नाही.

बिवलकरांनी वाशाचा कपचा काढून जिभेवर ठेवला. मग वरूनच, त्याच्याकडे न बघता, त्यांनी विचारलं, "पांडुरंग, या वाशाबद्दल आईंनी कधी काही सांगितलं होतं का?"

पांडूने स्टुलावरची पकड जरा सावरली.

"भाऱ्याचा घर हाय, सायेब," तो म्हणाला. "ह्याचा लाकूर कोनी मुरवला, ते तिला काय ठाव?"